झाकलेला नैवेद्य

मी काचेच्या कपाटातून बोलतो आहे, तेव्हा आवाज थोडा दबका वाटला तर सांभाळून घ्यावे. मी ॲल्युमिनियमचा एक कॅन. बिअरचा. माझ्या अंगावर रंग नाही, नाव नाही, चित्र नाही. मी नुसताच चंदेरी आहे. माझे तोंड कापलेले आहे. पायाशी एक पाटी आहे, तिच्यावर लिहिले आहे : ‘आमचा पहिला कॅन, २०१७’.

तलासरीजवळ महामार्गाला लागून चिकूच्या बिअरचा जो कारखाना आहे, त्याच्या दर्शनी दालनात माझा मुक्काम असतो. सुटीच्या दिवशी मुंबईहून माणसे येतात, हद्दीपलीकडून, दारूबंदीच्या गुजरातेतून, वापी-सुरतेची माणसे तर जरा जास्तच उत्साहाने येतात. माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि माझी गोष्ट ऐकतात.

त्या गोष्टीतले प्रत्येक वाक्य खरे आहे. तरीही ती ऐकताना माझा पातळ पत्रा आतल्या आत आक्रसतो. म्हणून आज मीच सांगावे असे ठरवले आहे.

धातूला एकच जन्म नसतो. वितळावे आणि पुन्हा आकार घ्यावा, हा आमचा क्रम. मागच्या जन्मी मी कुणा घरचे पातेले असेन, नाहीतर एखाद्या खिडकीची चौकट. वितळताना स्मरण जळून जाते. या जन्मी मी आधी एक चपटी चकती होतो. यंत्राने मला दाबले, ओढले, ताणले आणि माझ्या भिंती इतक्या पातळ केल्या की बोटाने दाबल्या तर दबाव्यात. आतून एक नाजूक लेप दिला, म्हणजे माझी चव आतल्या पदार्थाला लागू नये आणि त्याचा आंबटपणा मला खाऊ नये. संतांनी देहाला घट म्हटले आहे. घटाचा धर्म एकच असतो : आत जे ठेवले ते जसेच्या तसे राखणे. मी तो धर्म मनापासून स्वीकारला होता.

आता ज्यांच्यामुळे माझ्या जन्माला वळण लागले, त्या घराची ओळख करून देतो. माझ्या जन्माआधीचे जे सांगतो आहे, ते पुढे त्या घराच्या देवघरात राहून कानी पडलेले आहे.

डहाणूच्या उत्तरेला समुद्राकाठी नरपड गाव आहे. तिथे महादेव यांची चिकूची वाडी आहे. गाव त्यांना दादा म्हणते, मुलगा आणि सूनही दादाच म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे काकडा, एकादशीला भजन. तरुणपणी माळ घातली तेव्हा त्यांनी दोन गोष्टींचा नेम केला होता : दारूला शिवायचे नाही आणि ती उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. हा नेम त्यांनी आपल्यापुरता ठेवला नाही. गावातल्या कित्येकांच्या हातातला प्याला सोडवून त्यांच्या हातात टाळ दिले. त्यांची पत्नी नर्मदाबाई हयात होत्या तेव्हापासून घरात एक रीत होती. हंगामात चिकूची पहिली टोपली उतरली की ती बाजारात जात नसे. देवघरात विठ्ठल-रखुमाईच्या पितळी मूर्तींपुढे ठेवायची, मग प्रसाद म्हणून गडीमाणसांत वाटायची आणि त्यानंतर वाडीचे पहिले फळ घरच्यांच्या तोंडी पडायचे. नर्मदाबाई गेल्या, पण रीत गेली नाही.

त्यांचा मुलगा प्रितेश पुण्यात बिअर बनवायला शिकला होता. हॉटेलातच टाक्या बसवून ताजी बिअर देण्याची पद्धत तेव्हा शहरांत रुजत होती, तिथे तो कामाला होता. घरी मात्र एवढेच ठाऊक होते की पोरगा ‘खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या कंपनीत’ आहे. पालघर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तो परत आला. चिकू पिकायला लागला की दोन-चार दिवसांत हाताबाहेर जातो. वाडीत पडून सडणारे फळ पाहून त्याच्या डोक्यात एक कल्पना आली होती. कल्पना खरोखरच चांगली होती, हे मी कबूल करतो.

“दादा, कारखाना काढतो. आपल्या चिकूच्या रसाचा.”

दादांचे डोळे भरून आले. “काढ. सगळी वाडी तुझी. झाडावरचं फळ सडून जाताना बघवत नव्हतं मला.”

भूमिपूजनाचा नारळ दादांनीच फोडला. पुढे एकदा ते कारखाना पाहायला गेले. मोठाल्या टाक्या पाहून विचारले, तर उत्तर मिळाले, “रस थंड ठेवायला.” जवाच्या गोणी पाहून विचारले, तर उत्तर मिळाले, “जव थंड असतो दादा, रसात घालतो आम्ही.” जव हे देवकार्याचे धान्य, म्हणून दादांनी त्या गोणीलाही हात लावून नमस्कार केला. प्रितेश एकदाही खोटे बोलला नाही. खरे बोलायचे तिथे त्याने फक्त दार ओढून घेतले.

पहिली काही वर्षे माल पिंपांतून मुंबईला जात असे. मग अशा लहान कारखान्यांची बिअर मागणारे लोक वाढत गेले, एकेक कारखाना दुसऱ्या शहरात, तिसऱ्या राज्यात माल पाठवू लागला. प्रितेशनेही टाक्या वाढवल्या. पिंप दुकानात ठेवता येत नाही. तेव्हा बाटली की कॅन, असा प्रश्न उभा राहिला. त्याचा भागीदार दीपेश बाटलीच्या बाजूचा होता. मी रिकाम्या कॅनच्या थप्पीत उभा होतो, तेव्हा त्यांचा वाद माझ्यासमोरच झाला.

“डब्यात कोल्ड्रिंक असतं रे,” दीपेश म्हणाला. “बाटली हातात धरली की माणसाला वाटतं, काहीतरी पितोय.”

“बाटलीतून उजेड आत जातो. उन्हात ठेवलेली बाटली उघडून वास घे एकदा, मग बोल. बुचातूनही हवा शिरते हळूहळू. कॅनमध्ये उजेड नाही, हवा नाही. आज भरलेली चव तीन महिन्यांनी तशीच.”

“आणि पत्र्याचा वास?”

“आतून लेप असतो, लागत नाही. वर लवकर गार होतो. फुटत नाही, समुद्रावर कुणाच्या पायात काच जाणार नाही. त्याच ट्रकमध्ये कितीतरी जास्त माल बसतो. आणि वापरून झाला की वितळवून पुन्हा कॅन. अजून काय पाहिजे तुला, आरती ओवाळू?”

“तू ओवाळ. तुझ्या घरात भजनी मंडळ आहे.”

दोघे हसले. मला मात्र अंगभर अभिमान वाटला. माझे गुण इतक्या प्रेमाने कुणी सांगावेत आणि तेही माझ्या धन्याने! उजेड नाही, हवा नाही, चव जशीच्या तशी. या गुणांचा असा उपयोग होईल, हे मला त्या दिवशी कळले नाही.

भरण्याचे नवे यंत्र सुरू झाले. रंगीत कॅन छापून यायचे होते, म्हणून चाचणीसाठी माझ्यासारखे कोरे कॅन घेतले होते. रांगेत पहिला मी. आधी माझ्यातली हवा हाकलली, मग गार सोनेरी बिअर चढत चढत गळ्यापर्यंत आली, फेसावर झाकण बसले आणि कडा मुडपून मला बंद केले. चिकूचा मंद गोडवा होता तिच्यात, किंचित कडवटपणाही होता. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दादांचा फोन आला. गावातून कुणीतरी त्यांना सांगितले होते की आता डबे भरू लागले.

“प्रितेश, इतकी वर्षं तू म्हणत होतास, टाकीतला रस घरी कसा आणू. आता डबा आहे ना? तुझ्या कारखान्याचा पहिला डबा देवापुढे आला पाहिजे. तुझी आई असती तर तिने पहिल्याच वर्षी मागितला असता.”

फोन ठेवून प्रितेशने मला उचलले. तो बराच वेळ मला हातात फिरवत राहिला. त्याला एखाद्या कॅनमध्ये साधा चिकूचा रस भरता आला असता. फळ तिथे ढिगाने होते. तेवढेही त्याने केले नाही. मी बंद आहे आणि बंदच राहीन, असा त्याचा हिशेब होता.

नरपडच्या घरी स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको मयुराने त्याला अडवले. तिला सगळे ठाऊक होते.

“हे तू आत नेणार?”

“हळू बोल. बंद आहे. नारळासारखा राहील देवापुढे. चार दिवसांनी मी उचलून नेईन.”

“आणि दादांनी उघडला तर?”

“देवापुढची वस्तू कशाला उघडतील?”

“झाकलेला नैवेद्य देवाला पोचतो का? आईंनी तुला एवढंही शिकवलं नाही?”

“मयुरा, आता नको. इतकी वर्षं गेली, एक सकाळ जाऊ दे.”

ती बाजूला झाली. तिलाही मी दोष देतो, पण थोडा.

देवघरात उदबत्तीचा वास होता. दादांनी सोवळे नेसले होते. चौरंगावर केळीचे पान मांडून त्यांनी मला दोन्ही हातांनी त्यावर ठेवले, जसे घरात आलेल्या नव्या बाळाला पाटावर ठेवतात तसे. माझ्यावर तुळशीचे पान ठेवले. समोर कटेवर कर ठेवून ते सावळे दैवत उभे. त्याच्यापुढे उभे राहण्याची माझी योग्यता नव्हती, पण मनात कपट नव्हते. मी जे आत होते ते राखून होतो, एवढेच. कपट मला आणणाऱ्याच्या मनात होते. आणि ते लपवायला त्याने माझीच भिंत वापरली होती.

दादांनी पळीने पाणी फिरवले, आणि थांबले.

“अरे, हा उघडायला हवा. देव काय दाराबाहेरून जेवणार? हा कान कशाचा?”

प्रितेश समईची वात सारू लागला. मयुराने पदर तोंडाशी नेला. दादांनी कान वर ओढला.

फस्स करून मी उघडलो. इतका वेळ कोंडलेला फेस उसळून वर आला, केळीच्या पानावर सांडला आणि ओघळत देवाच्या पायांपर्यंत गेला. वास देवघरभर पसरला. दादा नरपडचे, लहानपणापासून ताडांच्या सावलीत वाढलेले. आंबलेल्या रसाचा वास त्यांच्या नाकाला ओळखीचा होता. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटले, कळले. आता कळले.

पण वाचकहो, माणसाचा विश्वास किती खोल असतो! त्यांनी करंगळीने फेस टिपला, आणि मुलाचा माल तपासावा म्हणून तो जिभेला लावला. इतक्या वर्षांचा नेम त्या एका बोटाने मोडला. त्यांना पत्ताही नव्हता.

“प्रितेश! आंबलाय रे. कडू झालाय. हा माल बाहेर पाठवू नकोस. लहान पोरं पितील, पोटं बिघडतील त्यांची.” त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “नुकसान झालं तर होऊ दे. मी आहे.”

त्या क्षणी सत्य सांगायला एक वाक्य पुरले असते. खांद्यावर बापाचा हात होता. समोर देव होता. पायाशी फेस होता.

प्रितेश म्हणाला, “डबा खराब निघाला, दादा. हवा शिरली असेल आत.”

हवा शिरली असेल! माझ्यात हवेचा कणही शिरला नव्हता. जी चव त्याने भरली तीच मी आणून देवापुढे ठेवली होती. ज्याने माझे गुण सांगताना आरती ओवाळायची भाषा केली होती, त्यानेच स्वतःला वाचवण्यासाठी माझ्या एकुलत्या एक धर्मावर बोट ठेवले. मला जीभ नव्हती. असती तरी देवघरात ओरडणे बरे दिसले नसते.

दादांनी मूर्तींना स्नान घातले, चौरंग धुतला. देवापुढे ठेवलेली वस्तू उकिरड्यावर जाऊ नये म्हणून त्यांनी मला टाकले नाही. पत्रा कापायच्या कात्रीने माझे झाकण काढले, कडा दगडावर घासून बोथट केल्या, मला चिंचेने घासले आणि पाणी भरून त्यात तुळशीच्या मंजिऱ्या ठेवल्या. म्हणाले, “तुझा काय दोष? नशिबी आलं.”

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, आणि सर्वांत लाजेचे. रोज पहाटे अभंग कानी पडत. माझ्यात ताजे पाणी येई. एकादशीला भजनी मंडळी जमत, आणि मी पाहत असे : पखवाज वाजवणारा लक्ष्या माझ्याकडे पाहून डोळे खाली घाली. दुसरा कुणीतरी उगाच खाकरे. त्या सगळ्यांना माझे कूळ ठाऊक होते. तलासरीच्या रस्त्यावर कारखान्याचा फलक केव्हाच लागला होता, दुकानांत रंगीत कॅन आले होते. ज्यांच्या हातात दादांनी टाळ दिले होते, त्यांच्यापैकी एकानेही त्यांना सांगितले नाही. दुखावायचे नाही म्हणून सगळे गप्प राहिले, आणि एकट्या त्या म्हाताऱ्याभोवती गप्प माणसांची एक भिंत उभी राहिली. ती माझ्या भिंतीहूनही पक्की होती.

सत्य आले ते हाल्याच्या पोत्यातून.

हाल्या जवळच्या कैनाड गावचा. वाडीच्या कडेच्या ताडांची ताडी तो काढी आणि हंगामात चिकू उतरवायला येई. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी सुरूच्या बनातून गोळा केलेले रिकामे कॅन पोत्यात भरून तो अंगणात बसला. भंगारवाल्याकडे जाण्याआधी ते पायाने चेपत होता. दादा ओसरीवर होते. दार उघडे होते, मी आतून सगळे पाहत होतो.

“शेट, तुमचे चिकूची बीर पिलो ना मी!” हाल्या कौतुकाने म्हणाला. “बरी लागते. पण आमचे ताडीची सर नाय.”

“कसली बीर?”

“ही काय!” त्याने पोत्यातून एक कॅन काढून उंच धरला. “प्रितेशशेटची. चिकू काढला आहे बघा वर. सगला मुंबईवाला हीच पितो समुद्रावर बसून.” तो हसला. “आमचे ताडीला तुम्ही नावा ठेवता शेट, माला किती वेला शिव्या दिल्या! आन तुम्ही डब्यात घालून इकता.”

दादांनी तो कॅन हातात घेतला. वर चिकूचे चित्र होते. त्यांनी तो नाकाशी नेला. मग ते हळूच वळले आणि देवघरात माझ्याकडे पाहू लागले. तो कॅन आणि मी, सारख्याच उंचीचे, सारख्याच घेराचे. सख्खे भाऊ कुणालाही ओळखू यावेत असे.

हाल्याचे हसणे थांबले. “तुमाला... म्हायती नव्हता?”

“मी हे देवापुढे ठेवलं होतं, हाल्या. जिभेला लावलं होतं.”

हाल्याने पोते बाजूला सारले. मग त्याने आपल्या परीने समजूत काढली. “आमी तर देवाला ताडीच देतो, शेट. पयली धार त्याची. देव काय रागावत नाय. पण सांगून देतो. बापा, ही ताडी, घे, असा.”

दादा उठले. आत आले. गळ्यातली माळ काढून त्यांनी विठ्ठलाच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “ही आता तूच सांभाळ.” त्या दिवसापासून पूजा मयुरा करू लागली. ते बाहेर ओसरीवर बसून ऐकत.

संध्याकाळी प्रितेश आला. मला भांडणाची अपेक्षा होती. भांडण झाले नाही.

“तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तुम्ही वाडी दिली नसती.”

“नसती दिली. तू रागावून पुण्याला गेला असतास. वर्ष-दोन वर्षं बोलला नसतास माझ्याशी. मग नातवंडं झाली असती, मी विरघळलो असतो. इतकंच झालं असतं.”

“दादा, तीस-चाळीस घरं चालतात त्यावर. लाडकी, जानी, फळं सोलणाऱ्या सगळ्या बाया...”

“कारखाना बंद कर म्हटलं का मी? चिकू ने. पाहिजे तितका ने.” दादांचा आवाज चढला नाही, पण तुटला. “मी तुझा बाप आहे, मला फसवलंस, ते मी गिळेन. पण माझ्या हाताने तू त्याला फसवलंस. माझ्या हाताने.”

त्या हंगामात पहिली टोपली देवापुढे आली नाही. दादांनी ती आणूच दिली नाही. चौरंगावर मी एकटाच होतो, मंजिऱ्यांसकट.

पुढे २०१९ साल उजाडले. कारखाना पुन्हा वाढला. भरण्याचे दुसरे, मोठे यंत्र आले आणि पाहुण्यांसाठी दर्शनी दालन बांधले गेले. प्रितेशला त्यात मांडायला जुन्या वस्तू हव्या होत्या. त्याने दादांपाशी मला मागितले. मयुरा म्हणाली, “लाज नाही वाटत?” दादांनी तिला हाताने थांबवले.

“ने. पण एक वचन दे. कुणी विचारलं, तर पूर्ण सांगायचं. कुठे ठेवला होता, कुणी ठेवला होता, आणि त्याला काय माहीत नव्हतं.”

“सांगेन, दादा.”

माझ्यातले पाणी ओतले, मंजिऱ्या काढल्या. तळाशी तुळशीचे एक पान चिकटून राहिले होते. घाईत ते कुणाला दिसले नाही. तेवढे घेऊन मी इथे आलो. मला आशा होती. मनात म्हटले, आता तरी हा बोलेल. कदाचित देवानेच मला साक्षीला धाडले असेल.

नव्या यंत्राच्या दिवशी दादा स्वतः आले. गळा मोकळा, डोक्यावर पांढरी टोपी. प्रितेश पाहुण्यांच्या घोळक्याला दालन दाखवत होता, म्हणून ते मागे भिंतीपाशी उभे राहिले. ते बिअर पाहायला आले नव्हते, वचन ऐकायला आले होते.

प्रितेशने आधी माझे गुण सांगितले. उजेड नाही, हवा नाही, फुटण्याचे भय नाही, पुन्हा वितळून पुन्हा जन्म. मग माझ्याकडे हात करून म्हणाला :

“आणि हा आमचा पहिला कॅन. माझे वडील माळकरी. आमच्या घरात रीत आहे, वाडीचं पहिलं फळ देवाला. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी हा कॅन विठ्ठलापुढे ठेवला, उघडून नैवेद्य दाखवला, आणि मग माल बाजारात गेला.”

लोक हळवे होऊन “वा!” म्हणाले. एकीने छातीवर हात ठेवला. प्रत्येक वाक्य खरे होते. एकदा लपवायला, एकदा दोष द्यायला आणि आता मिरवायला : मी काचेआड उभा होतो आणि मला तिसऱ्यांदा विकले गेले होते.

तेवढ्यात कुणीतरी दादांना ओळखले. “हेच का वडील?” दोघे-तिघे वाकून पाया पडले. एक जण म्हणाला, “बाबा, तुम्ही पण सांगा ना काहीतरी!”

दादांनी कपाट उघडायला लावले. मला हातात घेतले. त्यांची बोटे माझ्या कापलेल्या कडांवरून फिरली, ज्या कडा त्यांनीच बोथट केल्या होत्या.

“यात तेव्हा काय आहे, हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले आणि त्यांनी प्रितेशकडे बोट केले. “याने मला सांगितलं नव्हतं.”

सगळे हसले. मनापासून, प्रेमाने हसले. “काय भारी बोलले बाबा!” कुणी टाळ्या वाजवल्या. सत्य उघडे होऊन त्यांच्यापुढे उभे होते, आणि त्यांना तो विनोद वाटला. प्रितेशने त्यांच्याकडे पाहिले, दादांकडे पाहिले. बोलायला अजूनही जागा होती.

तोही हसला.

दादा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते माझ्यात डोकावून पाहत होते. करंगळी आत घालून त्यांनी तळाशी वाळून बसलेले तुळशीचे पान हलकेच सोडवले. तीच करंगळी होती. पान तळहातावर घेतले, टोपीच्या घडीत ठेवले.

“एवढं देवाचं होतं,” ते प्रितेशला म्हणाले. “बाकी तुझं.”

मला कपाटात ठेवून ते निघून गेले. त्यानंतर ते इथे आले नाहीत.

आता मी पुरता रिकामा आहे. काचेतून उजेड येतो, कापलेल्या तोंडातून हवा शिरते. ज्या दोन गोष्टींपासून जन्मभर मी दुसऱ्याला राखले, त्या आता माझ्यावर पहारा करतात. रोज माझी गोष्ट सांगितली जाते आणि रोज लोक हळवे होतात. वाचकहो, तुम्ही कधी या रस्त्याने आलात आणि ती गोष्ट ऐकलीत, तर हसू नका, हळवेही होऊ नका. फक्त एवढे विचारा, “वडिलांना माहीत होतं का?” माझ्या वतीने तेवढे विचारा.

माझे दुसरे मागणे देवापाशी आहे. हे कपाट कधीतरी मोडेल, मी भंगारात जाईन, वितळेन आणि पुन्हा आकार घेईन. पातेले कर, ताट कर, एखाद्या गरिबाघरचे पाणी प्यायचे भांडे कर, काहीही चालेल. पण विठ्ठला, पुढच्या जन्मी मला झाकण नको.